उष्टी ताटे घासावयाची कोणी?

महागावच्या परिसरात पळस मुबलक. त्याच्या पानांच्या, काड्यांनी टाचलेल्या पत्रावळींवर या मुलखातील कित्येक पिढ्यांच्या पंगती उठल्या. पंगत आटोपली की पत्रावळ उकिरड्यावर जाई आणि पुढे तिचे खत होई. आज पत्रावळीची जागा चकचकीत मुलामा दिलेल्या कागदी ताटल्यांनी घेतली आहे, आणि त्या लग्नमांडवातून थेट रोजच्या जेवणात शिरू लागल्या आहेत, हे आम्हांस चिंतेचे वाटते.

कायद्याची उणीव आहे असे नव्हे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोलची ताटे-पेले बंद केले. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली आणि त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या ताटल्या-पेलेही तीत घातले. तथापि 'कागदी म्हणजे निर्धोक' हा समज सुटत नाही. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, अशा पेल्यात गरम पेय पंधरा मिनिटे राहिल्यास शंभर मिलिलिटरमागे प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. पळसपानाखाली प्लास्टिकचा कागद चिकटविलेली पत्रावळही याच जातीची. तिला पत्रावळ म्हणणे ही पळसाची विटंबना होय.

मग रोजच्या जेवणास स्टीलचे ताट बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु हे सांगणारे बहुधा पुरुष असतात आणि घासणाऱ्या बायका! ज्या घरात वैशाखात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, दिवसभर निंदण करून आलेल्या बाईपुढे जेथे रात्री खरकट्याचा ढीग पडतो, तेथे फेकावयाची ताटली तिला सुटकेसारखी वाटली तर तिला आळशी कोणत्या तोंडाने म्हणावे? पर्यावरणाचा सारा भार एकटीच्या मनगटावर टाकणारा उपदेश आम्हांस मान्य नाही. शाळेत पोषण आहाराची खिचडी खाऊन झाल्यावर आपली ताटली आपण धुणारा मुलगा घरी मात्र ताटावरून तसाच उठतो. त्याचा बापही तसाच उठतो, म्हणून! दोघांनी आपापले ताट आधी राखेने कोरडे घासून मग विसळले, तर पाणीही थोडे लागेल.

बारसे, तेरवी, लग्न यांची गोष्ट वेगळी. तेथे निव्वळ पानांच्या पत्रावळीस आमचा विरोध नाही. उलट त्या लावणाऱ्या हातांना चार पैसे मिळतील. मात्र नगरपंचायतीने पाचशे माणसांच्या पंगतीस पुरतील इतकी ताटे, वाट्या व पेले घेऊन ते एखाद्या महिला बचत गटाकडे सोपवावेत. अल्प भाडे घ्यावे आणि घासणाऱ्यांची मजुरी त्या भाड्यातूनच द्यावी. दंडाची पावती फाडताना टपरीवाल्याला गाठून ठोक व्यापाऱ्याला मोकळे सोडू नये. लग्नसराई उभी राहण्यापूर्वी यातील भांड्यांचा ठराव तरी सभेपुढे यावा, अशी आमची मागणी आहे.