ड्रोन उडवणारे आणि चिडलेली माणसं

आजकाल लग्न असो की जत्रा, ड्रोन दिसतोच. पण तो वर गेला की खाली भांडण सुरू, असंही बऱ्याच ठिकाणी होतं. "आमच्या घरावर का फिरवतोस?" असं विचारणाऱ्याला आपण लगेच अडाणी ठरवतो. माझ्या मते हे बरोबर नाही.

२०२४ मध्ये बीड, जालना, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन दिसू लागले. चोर टेहळणी करतात अशी अफवा पसरली आणि लोकांनी जागून गस्त घातली. खेड्यात अजून कितीतरी न्हाण्यांना छप्पर नसतं. वरून कोण बघतंय हे माहीत नसेल, तर बायामाणसांना भीती वाटणारच.

याउलट स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोननेच होते. पण तिथे आधी ग्रामसभेत माहिती देतात, मिळकतींच्या हद्दीवर चुन्याच्या खुणा करतात. म्हणजे राग यंत्राचा नसतो, न सांगता उडवण्याचा असतो.

म्हणून ड्रोन उडवण्याआधी सरपंच, पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांना सांगा. कोणी रागाने आलंच, तर वाद न घालता आधी ड्रोन सुरक्षित खाली उतरवा. मग "काका, हे बघा" म्हणून स्क्रीन दाखवा.

लोकांनीही दगड मारू नयेत. पडणाऱ्या ड्रोनची पाती एखाद्या लेकराला लागू शकतात. संशय आला तर ११२ ला फोन करा.

२०२१ च्या नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण खाली राहणाऱ्या माणसाला विचारायलाच हवं. मुलांना ड्रोन शिकवताना हेही शिकवूया.