विश्लेषण : चाके बाहेर काढणारे ‘व्हील स्पेसर’ किती सुरक्षित?

जिम्नीपासून स्विफ्टपर्यंत अनेक गाड्यांची चाके हल्ली मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर आलेली दिसतात. त्यासाठी दर वेळी नवी अलॉय व्हील घेतलेली असतातच असे नाही. हब आणि चाक यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती बसवूनही हे काम होते, तेही कमी खर्चात. मात्र ही चकती जिथे बसते तो सांधा सुटला, तर चाकच गाडीपासून वेगळे होते.

स्पेसर आणि अडॅप्टर यांत फरक काय?

साधा स्पेसर म्हणजे भोके पाडलेली चकती. ती गाडीच्याच स्टडवर सरकवायची, वर चाक बसवायचे आणि नट आवळायचे. अडॅप्टरला स्वतःचे स्टड असतात. तो आधी हबला आवळला जातो आणि चाक त्याच्या स्टडवर बसते. नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. नेक्सॉनचा पीसीडी ५×१०८, क्रेटाचा ५×११४.३. म्हणून एकीची चाके दुसरीला थेट बसत नाहीत. अडॅप्टर लावून बसवता येतात.

चाक कशाच्या जोरावर टिकते?

गाडीचे वजन स्टडवर लटकलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि चाक हबवर दाबून धरतो. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत निर्माण होणारे घर्षणच भार पेलते. १२ मिलिमीटरचा स्टड १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला, तर त्यात ढोबळमानाने चार टनांचा ताण येतो. हा दाब कमी झाला की चाक सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते, स्टड वाकवले जातात आणि वारंवार वाकून तुटतात. स्पेसरमुळे घर्षणाचे पृष्ठभाग एकाऐवजी दोन होतात. अडॅप्टरमध्ये तर नटांचे संचही दोन होतात.

सर्वांत मोठी चूक कोणती?

मूळ स्टडवरच जाड स्पेसर चढवणे. नट स्टडच्या व्यासाइतका तरी आत जावा, असा संकेत आहे. म्हणजे १२ मिमी व्यास आणि दीड मिमी पिचच्या स्टडवर सुमारे आठ फेरे. मधे १० मिमीचा स्पेसर आला, तर त्यातले साडेसहा फेरे कमी होतात. स्टडला टोकाशी जास्तीची लांबी नसेल, तर दीड फेऱ्यावर चाक उभे! बाहेरून मात्र नट व्यवस्थित आवळलेला दिसतो. अशा वेळी लांब स्टड बसवावेच लागतात. त्याचा खर्च टाळण्यासाठी स्पेसर घेतला असेल, तर तो न घेतलेलाच बरा.

दुसरी बाब हबच्या मधोमध असलेल्या गोल कडेची. चाक केंद्रात बसते ते या कडेमुळे. जाड स्पेसरने ती झाकली गेली आणि स्पेसरला स्वतःची तशी कड नसेल, तर चाक केवळ नटांच्या भरवशावर केंद्रित होते आणि वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते. अनेक पीसीडींना चालावीत म्हणून लांबट खाचा पाडलेल्या ‘युनिव्हर्सल’ चकत्या या बाबतीत विशेष वाईट.

बेअरिंगवर परिणाम होतो?

होतो. चाक २५ मिमी बाहेर गेले की बेअरिंगवर पडणारा तरफेसारखा जोर वाढतो, खड्ड्यात तो अधिक जाणवतो. एका बाजूने ब्रेक कमी लागला, तर गाडी जास्त ओढते. भरलेल्या गाडीत टायर मडगार्डला घासू शकतो. अर्थात, कमी ऑफसेटच्या अलॉय व्हीलनेही हेच होते. हा दोष एकट्या स्पेसरचा नाही.

मग स्पेसर सरसकट वाईट?

नाही. पोर्शे काही मॉडेलवर कारखान्यातूनच ५ मिमीचे स्पेसर देते, अर्थात त्या मापाच्या बोल्टसह. जर्मनीत हा भाग कोणत्या गाडीवर, कोणत्या अटीवर चालेल, याची तपासणी-कागदपत्रे लागतात. ऑस्ट्रेलियात मूळ गाडीत नसलेले स्पेसर नियमांना मंजूर नाहीत. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती बहुधा खोक्यावरचे माप तेवढे येते.

भारतात कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पेसर हा शब्द नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करण्यास ते मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात यावर बोट ठेवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

आधीच बसवले असतील तर?

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळणे आवश्यक आहे. पायाने दाबून आवळलेला पाना किंवा एअर गन हे त्याचे उत्तर नव्हे. नट किती फेरे जातो, हे चाक उतरवताना मोजता येते. अडॅप्टर असेल तर आतले नट चाकामागे लपलेले असतात. हायवेवर पंक्चर काढणारा बाहेरचेच नट आवळून देतो. आतले तपासायचे, तर चारही चाके खोलावी लागतात.