यंत्राचा सूर आणि घरचा वारसा

आमच्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे, हे महाराष्ट्रात बहुतेकांस ठाऊक आहे. पैठण येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्यावर हात ठेविला व ज्याच्या मुखातून वेदमंत्र निघाले, तोच हा रेडा. नेवाशाहून परतताना त्याने येथे देह ठेविला, असे परंपरा सांगते. या कथेचा ऐतिहासिक निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस तिच्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, मुख रेड्याचे असले तरी मंत्र त्याचे नव्हते. वर हात कोणाचा होता, यावरून मुखातून काय निघणार हे ठरले. हल्ली आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती संगीत रचण्याची जी विजेची यंत्रे आली आहेत, त्यांविषयी आमचे म्हणणे याहून फारसे निराळे नाही. ते मांडण्यास एक निमित्त घडले, आणि त्यात चूक आमची होती. म्हणून प्रथम तेच सांगतो.

दोन वर्षांमागे स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमांची निवड आमच्याकडे होती. दहावीतील एका विद्यार्थ्याने घरी संगणकावर रचलेली चार-पाच मिनिटांची एक रचना ऐकविण्यास आणिली. आम्ही जेमतेम अर्धे मिनिट ऐकिले. खणखणीत ठेक्याचा मारा कानी पडताच, "हे डीजेचे संगीत वरातीत ठीक आहे, शाळेच्या व्यासपीठावर नको," असे म्हणून आम्ही ती परत केली. मुलगा काही न बोलता निघून गेला. आठ दिवसांनी त्याचे वडील भेटावयास आले. ते तक्रार करणार असे आम्हांस वाटले. परंतु त्यांनी हात जोडून आमचे आभार मानिले. "बरे केलेत, सर," ते म्हणाले. "माझा बाप लोकांच्या दारापुढे हलगी वाजवायचा आणि पंगत उठल्यावर बाहेर बसून जेवायचा. ती हलगी घरातून जावी म्हणून मी जन्मभर राबलो. आणि आता हा पोरगा तीच हलगी विजेवर वाजवतो!"

तो ठेका हलगीचा होता, हे आम्हांस त्या क्षणापर्यंत कळले नव्हते! आम्ही मुलास बोलावून त्याची रचना अथपासून इतिपर्यंत ऐकिली. तीत हलगी होती, तुणतुण्याची एक तार होती, आणि आळेफाट्याच्या बाजारात कांद्याच्या लिलावाच्या वेळी जी हाळी उठते, तीही त्याने मोबाईलवर टिपून ठेक्यात बेमालूम बसविली होती. ज्या आवाजांतून आम्ही रोज वावरतो, तेच आम्हांस ओळखू आले नाहीत. असे का झाले, याचा विचार करिता आम्हांस आमचेच घर आठवले. आमच्या आजोबांनी ख्रिस्ती झाल्यावर गावकीच्या कामाबरोबर गावकीचे वाद्यही खाली ठेविले. आमच्या कानांवर लहानपणापासून पडले ते उपासनेतील पेटीचे सूर आणि रेव्हरंड टिळकांची भजने. जे कानांनी बाळपणी ऐकिले नाही, ते थोरपणी कानांस परके वाटते. आमचा नकार हा अभिरुचीचा निर्णय आहे असे आम्ही समजत होतो. वस्तुतः तो आमच्या संगोपनाचा निर्णय होता.

मग प्रश्न असा की, यंत्रावर रचलेल्या संगीताचा सूर यंत्राचा असतो, की रचणाराच्या घरचा? पुष्कळ पालक म्हणतात की यंत्र सर्वांस एकच, तेव्हा त्यातून निघणारा आवाजही सर्वत्र एकच. त्यात आपले काय राहिले? हे म्हणणे वरवर खरे दिसते. परंतु त्याचा निकाल लावणारा एक प्रसंग संगीताच्या इतिहासात खरोखरच घडून गेला आहे, आणि त्याचा अर्धा भाग आपल्या मुंबईत घडला आहे.

1981 च्या सुमारास जपानच्या रोलंड कंपनीने 'टीबी-303' नावाची एक लहानशी रुपेरी पेटी काढिली. एकट्या वादकास बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. तो साधला नाही. आवाज गिटारसारखा निघेना, गिऱ्हाईक मिळेना, आणि 1984 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजविणारे चरणजित सिंग यांच्या हाती मात्र ही पेटी पडली. त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. ज्यास हिंदुस्थानी संगीताचा कान आहे, त्यास तेथे मींड दिसणारच! 1982 साली त्यांनी भैरव, यमन, मालकंस आदी दहा राग त्या पेटीवर व तिच्या जोडीच्या तालयंत्रावर बसवून एक ध्वनिमुद्रिका काढिली. तिचा खप झाला नाही व लोक तिला विसरले. पुढे शिकागो शहरातील काही कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती तीच टाकून दिलेली पेटी आली. त्यांचे कान तेथील नृत्यगृहांत घडलेले होते. त्यांनी तिच्या कळा फिरवून जो पिळवटलेला आवाज काढिला, त्यातून 1987 च्या सुमारास 'ॲसिड हाउस' नावाचा एक नवा संगीतप्रकार जगापुढे आला. 2010 साली हॉलंडमधून चरणजित सिंगांची जुनी ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकार चकित झाले, कारण दोन्हींच्या आवाजात विलक्षण साम्य होते. परंतु शिकागोची रचना नाचावयास उठविते, तर मुंबईची राग उलगडते. पेटी तीच, कळा त्याच. एकात रियाजाची खोली बोलली, दुसऱ्यात रात्रीचे नृत्यगृह बोलले. चरणजित सिंग 2015 साली वारले. आपली पेटी जगाने उशिरा का होईना ऐकिली, हे त्यांस पाहावयास मिळाले.

दुसरे उदाहरण एका मराठी घराचे आहे. कर्ष काळे हे 1974 साली इंग्लंडात जन्मले व न्यूयॉर्क राज्यात वाढले. घरात हिंदुस्थानी संगीत व चित्रपटगीते, घराबाहेर अमेरिकन रॉक, असा त्यांच्या बाळपणीचा दुहेरी शेजार होता. ते पाश्चात्य ड्रम वाजवू लागले आणि तबला बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. पुढे त्यांनी तबल्यास विजेची जोड दिली, झाकीर हुसेन यांच्यासमवेत 'तबला बीट सायन्स' या वाद्यवृंदात वाजविले, आणि 2001 साली 'रिअलाइझ' हा स्वतःचा संग्रह काढिला. त्यांचे संगीत ऐकताना हे हिंदी की अमेरिकन, असा प्रश्न विचारणेच चुकीचे वाटू लागते. ज्या मुलाने दोन्ही एकाच दिवसात, एकाच कानांनी ऐकिले, त्याच्या ठायी ती दोन राहिलीच नव्हती.

येथे कोणी म्हणेल की, वारसा म्हणजे रक्त. ज्याच्या घराण्यात गाणे नाही त्याने काय करावे? त्यास उत्तर आपल्याच भागात आहे. अजय व अतुल गोगावले या बंधूंच्या घराण्यात संगीताची परंपरा नव्हती. वडील महसूल खात्यात नोकरीस. त्यांच्या बदल्यांबरोबर या मुलांचे बाळपण जुन्नर, घोडेगाव, राजगुरुनगर, शिरूर अशा गावी गेले. घरी वाद्य नव्हते. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याशी मैत्री जोडावी, देवळात भजन असेल तेथे जाऊन बसावे, बँड दिसला की त्याच्यामागे जावे, असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी कीबोर्ड हाताळिला, संगणक हाताळिला, आणि 2016 च्या 'सैराट' चित्रपटासाठी तर अमेरिकेत जाऊन तेथील वाद्यवृंदाकडून संगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. परंतु एवढ्या पाश्चात्य वाद्यमेळ्यातही ऐकणाऱ्यास गावची जत्रा व वरात भेटते. 'जोगवा' या चित्रपटाच्या संगीतास त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बंधूंचा वारसा गावोगावच्या देवळांतून व रस्त्यांवरून आला, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. कारण ते रस्ते त्यांच्याही पायांखालचे आहेत.

यंत्राविषयीची आपली धास्तीही नवी नाही. आज जी पेटी कीर्तनात, नाटकात, तमाशात आणि आमच्या उपासनेत आपली म्हणून वाजते, ती मूळची फ्रान्समधील. तिच्या ठरीव पट्ट्यांतून श्रुती व मींड निघत नाही, या आक्षेपावरून 1940 साली आकाशवाणीने तिला मज्जाव केला, व तो 1971 पर्यंत टिकला. आक्षेप खोटा नव्हता. परंतु गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याच पट्ट्यांतून गायकी बोलविली, आणि परकी पेटी घरची झाली. टिळकांनीही निराळ्या वाटेने हेच केले. त्यांच्यापूर्वी मराठी मंडळीत विलायती चालींच्या गीतांचे प्राबल्य होते; 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपली भक्ती अभंगात व ओवीत गाइली, कारण त्यांच्या कानांत तेच घोळत होते. नवी श्रद्धा त्यांनी जुन्या सुरात गाइली. आमचा विद्यार्थी जुना ठेका नव्या यंत्रात वाजवीत आहे. दोहोंत आम्हांस विरोध दिसत नाही.

आता त्या पित्याच्या बोलण्याकडे वळतो, कारण खरा पेच तेथे आहे. वारसा म्हणजे केवळ गोड आठवणींचे गाठोडे असते तर हा लेख सोपा झाला असता. हलगीचा कलाबरोबर अपमानही त्या घरात वारशानेच आला. ज्या हातांनी गावाची लग्ने व जत्रा वाजविल्या, त्या हातांस गावाने पंगतीत बसू दिले नाही. येथून जवळच्या नारायणगावच्या विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला. तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले. अशा स्थितीत एखादा बाप म्हणाला की माझ्या मुलाच्या हाती हे वाद्य नको, तर त्यास संस्कृतिरक्षणाचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या आजोबांनीही तेच केले होते, आणि त्यांनी ते केले म्हणून आम्ही पदवीधर झालो.

तथापि आम्ही त्यांस विनयाने एक गोष्ट सुचवितो. त्यांच्या वडिलांस हलगी वाजवावी लागे. त्यांचा मुलगा ती वाजवू इच्छितो. पहिल्यात गावाचा हुकूम होता, दुसऱ्यात मुलाची निवड आहे. वडिलांनी जन्मभर राबून जे मिळविले ते हेच, की मुलास निवडता यावे. मग त्याने आजोबांचा ठेका निवडिला म्हणून वडिलांचे कष्ट वाया गेले, असे आम्हांस वाटत नाही. अपमान हा ठेक्यात नव्हता. तो ऐकणाऱ्या गावाच्या वागणुकीत होता. टाकावयाची ती वागणूक.

एवढे सांगून आमच्या विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. संगणकावर ढोलकी, संबळ, सनई यांचे तयार तुकडे आयते मिळतात. ते उचलून एकापुढे एक लाविले म्हणजे वारसा झाला, असे समजू नका. ते दुसऱ्याचे ऐकणे आहे. तुमचे ऐकणे तुम्हांसच करावे लागेल. हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. तुमच्या आजीच्या कंठातील ओवी त्यांत नसेलही, आणि ती टिपून घेण्यास फार दिवस उरले आहेत असेही नव्हे. शिवाय आवाज मोठा केला म्हणजे संगीत मोठे होते हा भ्रमही सोडा. ज्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते व तान्ही मुले दचकून रडतात, त्यांचा कैवार आम्ही घेत नाही. निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा कायद्याने 45 डेसिबल ठरविली आहे, आणि ती पाळणे हा सभ्यतेचा भाग आहे.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलगा यंत्रापुढे बसला म्हणजे यंत्राकडे पाहून रागावू नये; तो काय ऐकतो आहे ते त्याच्याशेजारी बसून एकदा ऐकावे. त्यात घरचे काही सापडले तर ते कोठून आले हे त्यास सांगावे, आणि त्याबरोबरचे दुःखही सांगावे. मुलांस सूर वारशाने मिळतो, पण त्याचा इतिहास सांगितल्याविना मिळत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे मन अद्याप पुरते वळलेले नाही. मुलगा आता कॉलेजात आहे व सुटीत रचना करीतच असतो. ही पाने त्याच्या घरी पोहोचतील, आणि आम्ही ती काही अंशी त्यांच्यासाठीच लिहिली आहेत. असो. यंदाच्या स्नेहसंमेलनात संगणकावर रचलेल्या संगीतास वेगळा वेळ ठेविला आहे. ज्यांस भाग घ्यावयाचा असेल त्यांनी आपली रचना आमच्याकडे आणावी. ती आम्ही शेवटपर्यंत ऐकू, एवढे वचन देतो.