एकशेवीस लिटर आणि आठ लिटर

देशी बनावटीचे डायलिसिस यंत्र तयार झाल्याची बातमी आली की आपल्या विज्ञानप्रेमी मंडळींत ती उत्साहाने फिरते. उत्साह रास्त आहे. मात्र त्या बातमीत एक गृहीतक न बोलता शिरलेले असते : डायलिसिस म्हणजे यंत्र, आणि जितकी यंत्रे अधिक तितके रुग्ण सुखी. मला हे गृहीतक मान्य नाही. ज्यांच्याकडे घरी यंत्र होते आणि ज्यांनी ते सोडून पोटातून होणारे डायलिसिस स्वीकारले, अशा थोड्या लोकांकडे पाहिले म्हणजे त्यातली उणीव चटकन दिसते.

आधी दोन्ही पद्धती. हिमोडायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून साधारण दोनशे मायक्रॉन आतील व्यासाच्या हजारो पोकळ तंतूंतून फिरवतात. तंतूंच्या बाहेरून मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव वाहत असतो आणि तंतूंच्या भिंतीतून युरिया, पोटॅशियम वगैरे विसरणाने त्यात उतरतात. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये बाहेरचे पटल लागतच नाही. आतड्यांभोवतीचे पर्युदर हेच पटल. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, काढून टाकायचा आणि नवा भरायचा. दिवसातून बहुधा चार वेळा. जादा पाणी खेचायला द्रवात ग्लुकोज असते, म्हणजे परासरण. शाळेत बेदाणे पाण्यात टाकून पाहिलेला प्रयोगच हा, फक्त उलट दिशेने.

आता पाण्याचा हिशोब. मिनिटाला ५०० मिलिलिटर म्हणजे चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर द्रव. तो नळाच्या पाण्यापासून बनवता येत नाही. आरओ संयंत्रातून काढलेले अतिशुद्ध पाणी लागते. संयंत्र निम्मे पाणी टाकून देते असे धरले तर दर खेपेस २४० लिटर झाले. निरोगी माणूस आठवड्यात चौदा-पंधरा लिटर पाणी पितो आणि ते आतड्यांतून गाळून रक्तात जाते. यंत्रावरच्या माणसाचे रक्त आठवड्याला ३६० लिटर पाण्याला एका पातळ भिंतीआडून भिडते. त्या पाण्यात काय आहे हा प्रश्न म्हणूनच जिवावरचा असतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलमधील करुआरू शहराच्या एका डायलिसिस केंद्रात टँकरने आणलेले, पुरेसे शुद्ध न केलेले पाणी वापरले गेले. त्यात नीलहरित सूक्ष्मजीवांचे मायक्रोसिस्टिन हे विष होते. यकृत निकामी होऊन पन्नास-एक रुग्ण दगावले.

मी राहतो त्या एचएसआर लेआउटमध्ये टँकर ही रोजची गोष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या कूपनलिका आटल्या, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावण्याचा हुकूम निघाला होता. त्याच दिवसांत आमच्या घरी माझे मामा आठवड्यातून तीनदा यंत्रावर बसत. मामा मूळचे सोलापूरचे, त्यामुळे पाण्याची टंचाई त्यांना नवी नव्हती. त्यांना खटकत होते ते वेगळेच. इमारतीत बादलीबादलीचा हिशोब लागला असताना आपल्या एका खोलीतून शेकडो लिटर पाणी गटारात जाते, हे त्यांना सहन होईना. टँकर कोणत्या विहिरीवर भरून आला हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि माझ्या डोक्यात करुआरू होते. हाताच्या फिस्च्युलाची शीर अरुंद होऊ लागली होती. मामींना सुया टोचण्याचे दडपण असे. त्या बोलून दाखवत नसत, पण बैठकीच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागत नसे. डॉक्टरांनी पोटाच्या डायलिसिसचा पर्याय मांडला तेव्हा नातेवाइकांची पहिली प्रतिक्रिया अशी की ही माघार झाली. यंत्र चांगले, पिशव्या म्हणजे गरिबाचा उपाय.

ही समजूत कुठून येते? मला वाटते, एका संख्येतून. डायलिसिसची मात्रा ‘केटी बाय व्ही’ या गुणोत्तराने मोजतात : किती लिटर द्रव पूर्ण स्वच्छ केला, भागिले शरीरातील एकूण पाणी. साठ किलोच्या माणसात पाणी सुमारे ३६ लिटर. यंत्राने मिनिटाला २०० मिलिलिटर स्वच्छ केले तर चार तासांत ४८ लिटर, म्हणजे गुणोत्तर १.३३, आठवड्याचे ४. पोटातून रोज आठ लिटर द्रव आणि एक लिटर खेचलेले पाणी मिळून नऊ लिटर, आठवड्याला ६३, गुणोत्तर १.७५. चार कुठे आणि पावणेदोन कुठे! पण पोटाच्या डायलिसिससाठी मान्य लक्ष्य आठवड्याला १.७ इतकेच आहे आणि त्यावर माणसे वर्षानुवर्षे नीट जगतात. तेव्हा दोन आकड्यांची ही थेट तुलनाच खोटी असली पाहिजे.

ती खोटी का, हे विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहावे. यंत्रावर युरिया घातांकी वेगाने उतरतो. पहिल्या दोन तासांत ४९ टक्के जातो, पुढच्या दोन तासांत मूळच्या केवळ २५ टक्के. म्हणजे निम्मा वेळ आपण आधीच स्वच्छ झालेले रक्त धूत असतो, आणि मग दोन दिवस काहीच करत नाही. दुसरी गोष्ट : स्थिर अवस्थेत शरीर जितका कचरा तयार करते तितकाच बाहेर पडतो, पद्धत कोणतीही असो. फरक पडतो तो पातळीत. रोज सात ग्रॅम युरिया-नायट्रोजन तयार होते आणि स्वतःचे मूत्रपिंड काहीच काम करत नाही असे धरा. पोटाच्या डायलिसिसवर रक्तातील पातळी लिटरला सुमारे ०.७८ ग्रॅमवर सपाट राहते. आठवड्याला तीन बैठका घेणाऱ्याचे शिखर सरासरी ०.६१. आणि दोनच बैठका घेणाऱ्याचे? ०.९२. सरासरी पातळी यंत्रावर तरीही कमीच राहते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण युरियाच्या या रेषेवरून पोटॅशियम आणि साठलेले पाणी कसे वरखाली होत असेल याची कल्पना येते, आणि हृदयाला धोका शिखरावर असतो. दोन बैठकांमधील मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू अधिक होतात, हे अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे.

आपल्याकडे कित्येकांना दोनच बैठका परवडतात. इथे २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचे भाषण आठवते. दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण आणि त्यामुळे ३.४ कोटी बैठकांची वाढीव गरज, असे आकडे देऊन राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. भागाकार करा : रुग्णामागे वर्षाला सुमारे १५५, म्हणजे आठवड्याला तीन. कागदावरचा रुग्ण तीनदा येतो. खराखुरा रुग्ण एसटीने जिल्ह्याच्या गावी जातो, सोबत कोणीतरी रोजगार बुडवून येते, आणि तिसरी खेप आपोआप गळते. ती गळती आकड्यांत दिसतच नाही, कारण मोजमापाचे एकक ‘बैठक’ आहे. रुग्णाचा आठवडा हे एकक कोणी वापरत नाही. पोटाच्या डायलिसिसला बैठकच नसते. जे मोजता येत नाही त्याचे पैसे कसे द्यायचे, या अडचणीत ती पद्धत सापडली आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या, हे चांगलेच झाले. तरी डायलिसिस म्हटले की खुर्ची आणि यंत्र हे चित्र काही बदललेले नाही. खासगी विम्याचा आमचा अनुभवही त्याच जातीचा. केंद्रात जाऊन घेतलेले डायलिसिस मंजूर होत असे. घरच्या पिशव्यांचे बिल ‘रुग्णालयात दाखल नाही’ या शेऱ्यासह परत आले. पुढचे चार महिने पत्रव्यवहारात गेले.

हाँगकाँगने १९८५ पासून पोटाच्या डायलिसिसला प्राधान्य दिले. थायलंडने २००८ मध्ये तेच केले आणि २०२२ मध्ये निवड रुग्णावर सोपवली. मला सक्ती नको आहे. यंत्राकडून पिशव्यांकडे आणि पिशव्यांकडून यंत्राकडे जाण्याची वाट मात्र दोन्ही बाजूंनी मोकळी हवी, आणि पैसा रुग्णाबरोबर जायला हवा.

कारण पिशव्यांचेही प्रश्न आहेत, आणि ते गंभीर आहेत. जंतू आत गेले तर पोटात संसर्ग होतो. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. दर अडीच वर्षांत रुग्णामागे एकाहून अधिक संसर्ग होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. सतत ग्लुकोज सोसून पर्युदर वर्षांगणिक बदलते आणि पाणी खेचण्याची त्याची ताकद घटते. मधुमेह्यांना ती साखर बाधते. यंत्रावर काही वर्षे काढून जो इकडे येतो त्याचे स्वतःचे मूत्र बहुधा आटलेले असते, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला मूत्रपिंडाच्या उरल्यासुरल्या कामाचा जो आधार मिळतो तो त्याला मिळत नाही. मामांचेही तसेच आहे. रात्रीच्या मुक्कामाला त्यांना ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव लागतो; त्याचे रेणू मोठे, ते रक्तात हळू शोषले जातात, म्हणून पाण्याची ओढ रात्रभर टिकते. तो महागही आहे. मिठावर आणि पाण्यावर मामींची करडी नजर असते, आणि या एका बाबतीत मामांचे काही चालत नाही.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात देशाला डायलिसिस हा शब्द बहुधा जयप्रकाश नारायणांमुळे ओळखीचा झाला. स्थानबद्धतेनंतर त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार झाले, आणि १९७९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे आयुष्य यंत्राला बांधलेले राहिले. अमेरिकेत पॉपोविच आणि मॉन्क्रिफ हे दोघे चालत्याफिरत्या माणसाच्या पोटात सतत डायलिसिस करण्याची कल्पना मांडत होते ती नेमकी त्याच काळात, १९७६ मध्ये. त्यातला पॉपोविच अभियंता होता. एवढा थोडा द्रव पुरेल हे आधी कागदावर निघाले, रुग्णावर नंतर.

तसाच एक हिशोब आज पडून आहे. रोज आठ लिटर म्हणजे महिन्याला २४० किलो द्रव. आमच्याकडे तो खोक्यांतून येतो, लिफ्टने वर चढतो आणि पलंगाखाली, कपाटावर, बाल्कनीच्या दारामागे रचला जातो. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर तो पावसाळ्यात कसा पोचणार? त्या वजनात पंचाण्णव टक्क्यांहून अधिक नुसते पाणी आहे. क्षार आणि साखर पुडीत पाठवून रोजचे आठ लिटर निर्जंतुक, विषद्रव्यरहित पाणी रुग्णाच्या घरीच तयार करणारे, भाताच्या कुकरएवढे आणि अनियमित विजेवर चालणारे साधन हा पटलांचा, उष्णतेचा आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रश्न आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय विचारणाऱ्यांना मी सध्या हाच सुचवतो.