एक तोळ्याची गोळी

मराठा लाईट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षे काढली, पण काडतुसाच्या पोटात काय असते याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. चांदमारीवर पेटी उघडायची, मोजून घ्यायची, उडवायची आणि शेवटी रिकामी खोकी मोजून परत करायची. एक खोके कमी भरले तरी सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसे.

२०२२ च्या मे महिन्यात थोरल्याकडे टेक्सासला गेलो, तर त्याच्या गॅरेजमध्ये तसलीच रिकामी खोकी बरण्यांत भरून ठेवलेली! नेमबाजीचा नाद लागलेला हा गडी ती खोकी घरीच पुन्हा भरतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. तिथे स्वतःपुरते भरायला मुभा आहे. आमच्या सौभाग्यवती धारवाडकडच्या. त्यांनी दारातूनच पाहिले, "इदेन हुच्चाट!" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मला मात्र ते सोनारकाम वाटले. खोके धुऊन घ्यायचे, जुना प्रायमर काढायचा, साच्यात दाबून खोके पुन्हा मापावर आणायचे, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. वजने सगळी ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. त्याची गोळी १८० ग्रेनची होती, म्हणजे बरोबर एक तोळा. इंग्रजांनी आपला तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचाच. हे सांगितल्यावर पोराला कोण आनंद झाला! त्याने डब्यावर लगेच मराठीत "एक तोळा" असे लिहून टाकले.

प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते. म्हणून पुस्तकात दिलेल्या कमीत कमी वजनापासून सुरुवात करून थोडी थोडी दारू वाढवत पाहायचे. त्याने पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. पायरीमागे ०.३ ग्रेन, म्हणजे गुंजेचा सहावा हिस्सासुद्धा नाही. प्रत्येक पायरीची पाच काडतुसे. तिसरी पायरी भरून होत होती तेव्हा मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. उकाड्याने बनियन अंगाला चिकटले होते, तेव्हा कोपऱ्यातला टेबल फॅन लावला आणि तिथेच खुर्ची टाकून गप्पा मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदमारीवर गेलो. शंभर यार्डांवर कागद, समोर वेग मोजणारे यंत्र, कानांवर मफ. पहिल्या पायरीची पाच भोके कागदावर शिंतोड्यांसारखी पसरली. दुसरीची जरा जवळ आली. तिसरीची चार भोके एकमेकांत मिसळली आणि पाचवे जरा उजवीकडे गेले.

"हे धरायचं नाही अप्पा, माझा हात हलला."

"फौजेत पाचही धरतात."

त्याने तोंड वाकडे केले, पण वहीत पाचही धरून दीड इंच असे लिहिले.

तोपर्यंत दर पायरीला वेग सेकंदाला पंधरा-वीस फुटांनी वाढत होता. चौथ्या पायरीचे पहिले काडतूस उडाले आणि आकडा एकदम साठाच्या वर चढला. बोल्ट उचलताना त्याचा हात अडला, तळव्याने ठोसा द्यावा लागला. बाहेर पडलेले खोके मी उचलले. एरवी प्रायमरच्या कडा गोलसर राहतात, हा चेपून सपाट झाला होता. आत दाब नको तितका झाल्याची ती खूण.

"पुस्तकातल्या मर्यादेच्या खालीच आहे अप्पा. उन्हाने झालं असेल." असे म्हणत त्याने दुसरे काडतूस आत सरकवले.

आमचे दोघांचे तसे जुनेच आहे. मी हुकूम सोडायचा आणि त्याने मुद्दाम उलटे करायचे; त्यापायीच तो एवढ्या लांब गेला असे त्याची आई म्हणते. मला ओरडावेसे वाटले. पण तोंडून निघाले ते तिचे शब्द: "साक, मगा."

तो थांबला. काडतूस बाहेर काढले, उरलेली डब्यात घातली आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी हातोडीसारख्या अवजाराने ठोकून ठोकून त्याने उरलेल्या नऊच्या नऊ काडतुसांच्या गोळ्या सोडवल्या आणि आतली दारू पुन्हा तोलली. प्रत्येकात पाऊण ग्रेनच्या आसपास जास्त! "कसा चुकलो मी?" एवढेच म्हणत तो काट्याकडे बघत बसला. मी कोपऱ्यात बघत होतो. टेबल फॅन आता बंद होता.

सराफाच्या दुकानात काटा काचेच्या पेटीत असतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. वारा पारडे खालून उचलून धरतो, मग काटा बरोबर यायला माल जास्त टाकावा लागतो. हे सगळे मला ठाऊक होते. तरी त्या रात्री मी काही बोललो नाही. पोरगा जेवला नाही, सगळी भरलेली काडतुसे मोडीत काढायच्या गोष्टी करत होता. सुभेदार असून मला तोंड उघडायला सकाळ झाली.

फॅन लावून आणि बंद करून आम्ही तेच वजन दोनदा तोलले, तेव्हा फरक दिसला. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. तो म्हणाला, "अप्पा, फॅन तुम्ही लावलात, पण काटा शून्यावर आहे का हे मधेमधे बघायचं काम माझंच होतं." मग भंगार बाजारातून माशांची एक जुनी काचेची पेटी आणली, आडवी ठेवली आणि तिच्यात काटा बसवला.

हे सगळे ऐकून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, मी देवापुढं निरांजन लावते तेव्हासुद्धा हे फॅन लावतात."