प्रमाणपत्र भिंतीवर, मूल्ये कुठे?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांना गुणवत्तेची भाषा नवी नाही. कायझन, फाइव्ह एस, रिजेक्शन, ऑडिट हे त्यांच्या रोजच्या शिफ्टमधले शब्द आहेत. १९५० मध्ये डेमिंग यांनी जपानी उद्योजकांसमोर व्याख्याने दिली, १९८७ मध्ये आयएसओ ९००० मानके आली आणि 'चूक शेवटी शोधू नका, होऊच देऊ नका' ही शिस्त जगभर पसरली. तिचे मोल मोठे आहे.

पण ही शिस्त मुख्यतः ग्राहकाकडे पाहते. कामगाराच्या सुरक्षेची फाईल वेगळ्या टेबलावर, पर्यावरणाची तिसऱ्याच टेबलावर. निर्णय घेताना या सगळ्या फाईली एकत्र उघडणे म्हणजेच एकात्मिक मूल्य व्यवस्थापन.

शब्द जड वाटला तर पाणचक्कीवर जाऊन या. दूरच्या झऱ्यातून जमिनीखालच्या नळांनी आणलेले पाणी जाते फिरवते, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. तेच पाणी हौदात साठते आणि हौदाखालच्या दालनात उन्हाळ्यातही गारवा मिळतो. पाणी एकच, पण भूक, तहान आणि विसावा, तिन्हींचा विचार एकाच वेळी केलेला.

शेजारून वाहणारी खाम नदी मात्र आपण सांडपाण्याचा नाला करून टाकली. महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि सामाजिक संस्था एकत्र आल्या तेव्हाच तिच्या पुनरुज्जीवनाचे काम पुढे सरकले. एकट्या खात्याच्या 'दर्जेदार' कामाने नदी वाचत नाही.

आता आपल्या संस्थांकडे वळू. आम्ही जवळून पाहिलेल्या एका शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. कौतुकाचे फलक लागतात. पण कच्च्या मुलांना नववीतच १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितले जाते आणि शिक्षिका हातात पडणाऱ्या रकमेपेक्षा जास्त पगारावर सही करतात. ऑडिटमध्ये गुणवत्ता पास झाली, मूल्य मात्र नापास झाले. ज्या मुलासाठी शाळा काढली, तोच दाराबाहेर राहिला.

संस्था ही अमानत आहे, असे आपण भाषणांत म्हणतो. मग हिशेबही अमानतीसारखाच हवा. तुमच्या मोहल्ल्यातील शाळा, पतसंस्था किंवा ट्रस्टच्या वार्षिक सभेत निकाल आणि नफ्यासोबत तीन प्रश्न विचारा: यंदा कोण गळाले? राबणाऱ्याला पूर्ण हक्क मिळाला का? आपल्या कामाचा भार कोणावर पडला?

उत्तरे अहवालात छापा. पहिल्या वर्षी ती लाजवतील. पण लाज वाटणारी संस्था सुधारू शकते. फक्त प्रमाणपत्राला फ्रेम करणारी नाही. कारखान्यात शिकलेली शिस्त मोहल्ल्यात आणण्याचे काम तुमच्याइतके चांगले दुसरे कोण करणार?