दुःखसहनसप्ताह आणि समुद्रकिनारा

उत्तम शुक्रवारची सुट्टी जवळ आली कीं आमच्या वर्गांत आणि घरींहि एकच प्रश्न निघतो : "गुरुजी, यंदा समुद्र पाहावयास जावयाचें काय ?" शुक्रवारास शनिवार-रविवार जोडून आले म्हणजे तीन दिवस सलग मोकळे मिळतात. रांजणगांवच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या बापास एरवीं इतकी सवड क्वचितच सांपडते. आमचें वडगांव रासाई भीमेच्या कांठीं. समुद्र येथून सुमारें २०० किलोमीटर दूर. आमची भीमा भीमाशंकरीं उगम पावते, पण पश्चिम समुद्र तेथून इतका जवळ असतांहि त्याकडे पाठ फिरविते आणि कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. तेव्हां आमच्या मुलांस समुद्र पाहावयाचा तर नदीच्या उलट दिशेनेंच जावें लागतें. त्यांनीं समुद्र पाहूं नये असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु तो नेमका याच आठवड्यांत पाहावा कीं नाहीं, आणि पाहावा तर कसा, याविषयीं आमच्या मंडळींत दोन तट आहेत. त्या वादांत बोलण्याचा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीनें मिळाला आहे.

वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, ज्या दिवशीं प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांचें मनन करावयाचें, त्या दिवशीं वाळूंत खेळणें ही उघड उघड अनास्था होय. तरुणांचें उत्तर असें कीं, देवानें समुद्रहि निर्माण केला आहे. गरिबाच्या मुलास वर्षांतून एकदां तो दिसला तर त्यांत पाप तें कोणतें? दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. मात्र दोघेहि भांडतात तें आपल्याच मनाविषयीं : आपली भक्ति आणि आपली विश्रांति. ज्यांच्या गांवीं आपण जाणार त्या लोकांचा विचार या वादांत कोणीहि करीत नाहीं.

हा प्रश्न एकट्या आमच्याच मंडळीचा आहे असें नव्हे. मेक्सिको देशांत बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत. तेथें या सप्ताहास 'सेमाना सांता' म्हणतात. शाळा दोन आठवडे बंद राहतात आणि राजधानींतील लाखों कुटुंबें आकापुल्को, मासात्लान यांसारख्या समुद्रकांठच्या शहरांकडे धांव घेतात. त्याच देशांत, त्याच राजधानींतील इस्तापालापा या भागांत, सन १८३३ च्या पटकीच्या सांथींत केलेल्या नवसास अनुसरून सन १८४३ पासून ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें नाट्य रस्त्यावर करून दाखविण्यांत येतें. एक तरुण जड वधस्तंभ खांद्यावर घेऊन टेकडी चढतो आणि अफाट समुदाय त्याच्या मागून चालतो. एकच देश, एकच शुक्रवार. कांहीं लोक टेकडीवर आणि कांहीं लाटांत. आमच्या इकडे गोव्यांत आणि अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यांत याहून निराळें दिसत नाहीं. फरक इतकाच कीं, आमच्या इकडील पाहुण्यांपैकीं पुष्कळांस हा दिवस काय आहे हें ठाऊक नसतें. आम्हांस तर तें पुरतें ठाऊक होतें.

सन २०२३ सालीं ७ एप्रिल रोजीं उत्तम शुक्रवार होता. दोन कुटुंबांतील आठ मुलें घेऊन आम्ही पहाटे निघालों. एरवीं त्या दिवशीं आम्ही नदीपलीकडे दौंड तालुक्यांतील केडगांवास, पंडिता रमाबाईंनीं वसविलेल्या मुक्तीस, उपासनेस जातों. या वेळीं, "तिकडेच एखाद्या चर्चमध्यें बसूं" असें सांगून आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली. पुणें, खोपोली, पेण, अलिबाग असें करीत दुपारीं रेवदंड्याच्या पुढें, कुंडलिकेच्या खाडीपलीकडील किनाऱ्यावर पोंचलों. कोर्लईचें ख्रिस्ती गांव याच बाजूस आहे. पोर्तुगीजांची चौलवरील सत्ता सन १७४० मध्यें संपली. परंतु त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली कोर्लईचे लोक आजहि घरांत बोलतात आणि तिला 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, असें म्हणतात. हें सर्व मुलांस समजावून सांगावें, तेथील चर्च दाखवावें, असा आमचा बेत होता. परंतु जेवण होतें न होतें तोंच मुलें पाण्याकडे धांवलीं आणि आम्ही सुरूच्या सावलींत आडवे झालों.

त्या आठांत एक चौदा वर्षांचा मुलगा होता. भीमेच्या डोहांत उड्या मारून वाढलेला तो पोर वर्गांतील सर्वांत तरबेज पोहणारा. दोनच्या सुमारास ओहोटी लागली होती. पाणी कमरेइतकें आहे असें वाटून तो पुढें गेला, आणि पाहतां पाहतां पाण्यानें त्याला ओढून नेलें. आमच्या मोठ्या माणसांपैकीं एकासहि समुद्रांत पोहतां येत नव्हतें. आम्ही नुसते ओरडत उभे राहिलों. त्या वेळीं वरच्या रस्त्यानें तीन वाजतांच्या उपासनेस पांढरे कपडे घालून चाललेल्या मंडळींपैकीं दोन तरुण, चपलाहि न काढतां, धांवत येऊन पाण्यांत शिरले. त्यांनीं मुलास सरळ किनाऱ्याकडे न आणतां आधीं आडवें, ओढीच्या बाहेर नेलें आणि मग वर काढलें. मुलगा वांचला. त्यांच्या पाठोपाठ आलेली एक वृद्ध बाई आमच्याजवळ आली. आम्हांस वाटलें, आतां बोलणीं खावीं लागणार. ती एवढेंच म्हणाली : "मास्तर, काल पुनव होती. आज दर्या उधाणलेला. तो तुमच्या नदीसारखा नाहीं." ते दोघे तसेच, ओल्या कपड्यांनीं, उपासनेस गेले. आम्हीहि मुलांस घेऊन त्यांच्या मागें गेलों व शेवटच्या बांकावर बसलों. पुढच्या बांकाखालीं त्या दोघांच्या कपड्यांतून ठिबकलेलें पाणी सांचत होतें. वधस्तंभाविषयींचीं पुष्कळ प्रवचनें आम्हीं ऐकलीं आहेत व स्वतःहि केलीं आहेत. त्या दिवशीं मात्र डोळे वर करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

घरीं आल्यावर त्या बाईच्या शब्दांचा आम्हीं विचार केला. ईस्टरचा रविवार कसा ठरतो हें आम्ही वर्गांत दरवर्षीं शिकवितों : २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पुढें-मागें होतो. याचाच अर्थ असा कीं, उत्तम शुक्रवार नेहमीं पौर्णिमेच्या आसपास येणार. सन २०२३ मध्यें हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि उत्तम शुक्रवार ७ एप्रिलला होता. सन २०२६ चें पंचांग पाहिलें तर त्या दोहोंच्या तारखा २ व ३ एप्रिल अशा लागोपाठ आहेत. पौर्णिमेस सूर्य, पृथ्वी व चंद्र जवळजवळ एका रेषेंत येतात. सूर्यचंद्रांच्या ओढीचा परिणाम एकत्र होतो आणि समुद्रास उधाण येतें. तें पौर्णिमेनंतर एकदोन दिवस अधिकच जोर धरतें. अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती त्यामानानें सौम्य असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईनजीकच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांच्या पातळींत सुमारें ४ ते ५ मीटरांचें अंतर पडतें, आणि हें सर्व पाणी अवघ्या सहा तासांत मागें जातें. पौर्णिमेच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती दुपारीं बाराच्या सुमारास पूर्ण होते. पुढें ओढ सुरू होते. म्हणजे ज्या वेळीं पाहुणे जेवून पाण्यांत उतरतात, नेमक्या त्याच वेळीं समुद्र माघारीं फिरलेला असतो. सन २०१६ च्या फेब्रुवारींत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मृत्युमुखीं पडले, ही गोष्ट आम्ही वर्तमानपत्रांत वाचली होती. वाचली आणि विसरलों. ज्या शिक्षकास ईस्टरचें गणित येतें आणि भरतीचें येत नाहीं, त्याचें ज्ञान अर्धेंच म्हणावें लागेल.

दुसरी गोष्ट त्या गांवच्या लोकांची. पाहुण्यांवर तेथील कित्येक घरांची चूल चालते हें खरें, आणि म्हणून पाहुण्यांनीं येऊंच नये असें म्हणणें त्यांच्या हिताचें नाहीं. परंतु ज्या बाईचा उपवास आहे तिनें त्याच दिवशीं सकाळपासून वीस पाहुण्यांची मासळी तळावी, ज्या मुलानें वधस्तंभामागून चालावयाचें त्यानें मोटारी उभ्या करावयास जागा दाखवीत फिरावें, आणि उपासनेच्या वाटेवर कर्ण्यांचा गोंगाट व्हावा, हें योग्य नव्हे. विठोबाच्या वारीच्या वाटेवर आपण मोटार आडवी घालीत नाहीं; मग या वाटेवर कां घालावी ?

कोणी म्हणेल, तुमच्या मुलावर प्रसंग आला म्हणून तुम्हांस ही भक्ति सुचली. आक्षेप रास्त आहे. आम्ही तो नाकारीत नाहीं. मनुष्य बहुधा ठेंच लागल्यावरच खालीं पाहतो. परंतु ठेंच लागलेल्यानें मागून येणारास दगड दाखवूं नये, असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

म्हणून आमचें मत असें. गुरुवार व शुक्रवार हे दोन दिवस आपापल्या गांवीं, आपापल्या मंडळींत घालवावे. समुद्रावर जावयाचें तर शनिवारीं निघावें, आणि ईस्टरच्या पहाटेची उपासना तेथील लोकांबरोबर, त्यांच्या मागच्या बांकावर बसून करावी. शाळेनें सहल काढावयाची तर ती एप्रिलच्या उधाणांत न काढतां थंडींत, भांगाच्या दिवसांत काढावी. निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीचें कोष्टक फळ्यावर लिहून मुलांकडून समजून घ्यावें. पाण्यांत पाय ठेवण्याआधीं गांवच्या माणसास विचारावें, आणि त्यानें नको म्हटलें तर दुसऱ्यास विचारूं नये. नदींत पोहणाऱ्या मुलांस हें विशेष सांगावें; कारण न पोहणारा मूल भितो व वांचतो, पोहणारा धीट होऊन पुढें जातो.

विद्यार्थी मित्रहो, शुभवर्तमानांत पुनरुत्थानानंतरची एक कथा किनाऱ्यावरचीच आहे. रात्रभर जाळें टाकूनहि कांहीं न मिळालेले शिष्य पहाटे कांठाकडे येतात, तों प्रभूनें कोळशांचा विस्तव पेटवून त्यांच्यासाठीं मासळी व भाकर तयार ठेविलेली असते. तो त्या सरोवराच्या कांठीं आला तेव्हां थकलेल्या कोळ्यांस त्यानें स्वतः वाढलें. आपण किनाऱ्यावर जातों ते मात्र वाढून घेण्यास. तुम्ही समुद्र अवश्य पाहा. तुमच्या बापास सवड मिळेल तेव्हां त्यासहि घेऊन जा. परंतु तेथील घरांत पाहुणे होऊन जा, मालक होऊन जाऊं नका. त्या दोन तरुणांचीं नांवें आम्हीं त्या दिवशीं विचारलीं नाहींत, याची आम्हांस अजूनहि लाज वाटते. तो मुलगा यंदा सतरा वर्षें उलटून गेलेला आहे, आणि दर उत्तम शुक्रवारीं आमच्याआधीं बांकावर येऊन बसतो.